धाकट्याला मानसोपचार डॉक्टरांपर्यंत न्यायला आठ महिने लागले. आपल्याकडची पोरं नेमकी कुठे अडकतात?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी धाकट्यालाच विचारलं. तो म्हणाला, लिही, फक्त गावाचं नाव टाकू नको. म्हणून टाकत नाही.

आम्ही भडगाव तालुक्यातले. घरी कपाशी आणि मका. मी जळगावात डाळमिलमध्ये हिशेब बघतो. धाकटा एकोणीस वर्षांचा, नीटचं (मेडिकल प्रवेश परीक्षेचं) दुसरं वर्ष. जळगावातच कॉट बेसिसवर खोली घेऊन राहायचा आणि दिवसभर अभ्यासिकेत बसायचा. माझ्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटं. इतक्या जवळ राहून मला कळलं नाही, हे मनातून जात नाही.

पोळ्याला घरी आला तेव्हा बैल सजवायला उठलाच नाही. शिंगांना बेगड लावायचं काम लहानपणापासून त्याचं, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. माय म्हणाली, थकला असेल, अभ्यास फार होतो. मग छातीत धडधड सुरू झाली, हातापायांना मुंग्या, रात्री अडीच-तीनला जाग. विचारलं की एकच उत्तर, "माले काय व्हस ते मालेच समजत नही."

गावच्या डॉक्टरने सलाईन लावली, ताकदीचं इंजेक्शन दिलं. जळगावात एका खासगी दवाखान्यात ईसीजी काढला, नॉर्मल. बी-ट्वेल्व्ह थोडं कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. मग हृदयाचे डॉक्टर, टू-डी इको, तोही नॉर्मल. मग जेवण जात नाही म्हणून पोटाचे डॉक्टर, मग डोकं दुखतं म्हणून डोळ्यांचा नंबर. साड्यांच्या दुकानाची एक कापडी पिशवी आहे घरी, तिच्यात हे सगळे कागद आहेत. चार ईसीजी आहेत त्यात. हिशेब माझा धंदाच आहे म्हणून बेरीज केली, एकोणीस हजार आठशे. एका डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "काही झालेलं नाही याला. मोबाईल कमी कर, अभ्यास कर." त्यांच्या दृष्टीने ती आनंदाची बातमी असेल. धाकट्याने मला नंतर सांगितलं, त्या दिवसापासून त्याला वाटायला लागलं की आपण ढोंग करतोय. मशीन सांगतंय काही नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे.

मायने गडावर नेलं, सप्तशृंगीला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तिला तिथे धीर मिळाला.

खरा रस्ता दाखवला तो डबेवाल्या ताईंनी. होळीनंतर त्यांचा फोन आला. "भाऊ, तीन आठवडे झाले, तुमच्या भावाचा डबा जसाच्या तसा परत येतोय. भाजीच्या वाटीचं झाकणसुद्धा उघडलेलं नसतं. मी आधी पैसे कापून द्यायचं म्हणत होते, पण हे पैशाचं नाही दिसत." त्यांच्या बहिणीला बाळंतपणानंतर असाच त्रास झाला होता. त्यांनीच शब्द उच्चारला, मानसोपचार. एवढ्या डॉक्टरांपैकी एकानेही तो उच्चारला नव्हता.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर सरकारी ओपीडीत नेलं. डॉक्टरांनी आधी त्याला विचारलं, "दादा आत बसला तर चालेल का?" तो हो म्हणाला. झोप, भूक, अभ्यास, मित्र असं विचारत विचारत त्यांनी सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?" तो म्हणाला, "हो. दिवाळीपासून."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. दिवाळीला आम्ही त्याला नवा शर्ट घेतला होता, एकत्र फोटो काढला होता. आठ महिन्यांत हा प्रश्न त्याला कोणीही विचारला नव्हता. मीही नाही.

नैराश्य आहे आणि सोबत घाबरण्याचे झटके, असं निदान झालं. गोळ्या सुरू आहेत, दर पंधरा दिवसांनी बोलायला जातो. या वर्षी नीट दिली नाही. काल रात्री स्वतःहून भरीत मागितलं.

मला विचारायचंय ते हे. आमच्याकडे पैसा होता, मी शहरात होतो, दवाखाना रिक्षाच्या अंतरावर होता. तरी आठ महिने. मग रावेर-यावलच्या, साक्रीच्या, अक्कलकुव्याच्या पोरांचं काय होत असेल? तुमच्याकडे कोण कुठे अडकलं आणि कसं सुटलं, ते लिहा. उपदेश नको, अनुभव आणि माहिती हवी.

केळीबाग_रावेर

गिरणाकाठ भाऊ, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी साठीचा माणूस, तुमच्या वडिलांच्या वयाचा असेन. आमच्या गल्लीतलं एक पोरगं तीन वर्षांपूर्वी गेलं. बारावीचं होतं. कसं ते लिहीत नाही. त्याच्या बापाला मी रोज बागेत जाताना बघतो.

एकच सांगतो. त्यानंतर मी फवारणीची सगळी औषधं घरातून हलवली. आधी ओसरीत, माळ्यावर, कुठेही असायची. आता शेतातल्या खोलीत लोखंडी पेटीत, कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला. हंगामाला लागेल तेवढंच आणतो, उरलेलं ठेवत नाही. डॉक्टर लोक सांगतात की ती वाईट घडी बरेचदा थोड्या वेळाची असते, तेवढ्यात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. ज्यांच्या घरी शेती आणि तरणं पोरगं आहे त्यांनी हे आजच करा. पोरगं हसतंखेळतं असलं तरी करा.

समुपदेशिका_धुळे

गिरणाकाठ दादा, धाकट्याला माझ्याकडून शाबासकी द्या. "हो, दिवाळीपासून" म्हणायला फार बळ लागतं.

मी धुळे जिल्ह्यात एका सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक आहे. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे, १० ते १९ वयासाठी. आपल्या राज्यात त्या क्लिनिकचं नाव 'मैत्री'. पाटी असते, खोली असते, पण नाव माहीत असलेलं पोरगं मला क्वचित भेटतं.

माझ्याकडे कोणीही "मन बरं नाही" म्हणून येत नाही. मुली येतात पाळीच्या तक्रारीला, तोंडावरच्या फोडांना, अशक्तपणाला. "कसंतरीच व्हस ताई," "डोकं जड जड लागस," "कोठेच मन लागत नही." दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, आई पाणी आणायला बाहेर गेली की खरी गोष्ट निघते. मुलगे तर येतच नाहीत. आले तर शिक्षकांनी पाठवलेले, नाहीतर मार लागल्यावर. आपल्याकडे मनाचं दुखणं अंगातून बोलतं. त्यामुळे छातीचे, पोटाचे डॉक्टर आधी गाठले यात दादा तुमची चूक नाही. एकदा तपासणी करून घेणं बरोबरच, कारण थायरॉइड किंवा रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो. पण पहिला ईसीजी नॉर्मल आल्यावर दुसरा, तिसरा, चौथा काढण्याऐवजी "झोप लागते का रे" असं कोणीतरी विचारायला हवं होतं.

आता माहिती. कोणाला उपयोग होईल म्हणून नीट लिहिते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावचं २०१८ चं, नंदुरबारचं त्यानंतरचं, धुळ्याचं जुनं. अशा महाविद्यालयाला मानसोपचार विभाग असावाच लागतो. तुम्ही केस पेपर काढताना खिडकीवर "मानसोपचार" एवढंच सांगायचं. कारण सांगायची गरज नाही, चिठ्ठी लागत नाही. ओपीडी सकाळची असते, लवकर जा, आधार आणि जुने कागद न्या.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीमही असते. ही मंडळी ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयांत येतात. तुमच्या तालुक्याचा वार कोणता ते ग्रामीण रुग्णालयात विचारा किंवा आशाताईंना विचारायला सांगा. एरंडोल, पारोळ्याच्या माणसाला दर वेळी जिल्ह्याला जायला लागू नये म्हणूनच ही सोय आहे.

आणि फोन. १४४१६, टेली-मानस. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर डॉक्टरांना जोडून देतात. मी पोरांना सांगते, नंबर पाठ करू नका, आत्ता माझ्यासमोर सेव्ह करा. नाव काहीही टाका. एका मुलीने "शिवणक्लास" नावाने सेव्ह केलाय.

अमळनेरकर_७२

माहिती चांगली आहे, पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या चुलतभावाच्या मुलाला सुरू केल्या, पोरगं दिवसभर झोपायचं, बोलताना जीभ जड. शेवटी घरच्यांनी बंद केल्या आणि देवाकडे नेलं, तिथे शांत झाला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हे डॉक्टर नव्हते, तेव्हा काय माणसं जगत नव्हती? एकत्र कुटुंब, शेतातलं काम, सकाळची पूजा, यानेच मन ताळ्यावर राहायचं. हल्ली जो तो निदान घेऊन हिंडतो.

औषधवाला_चाळीसगाव

अमळनेरकर काका, मी चोवीस वर्षं मेडिकल चालवतोय. तुमची भीती रोज काउंटरवर ऐकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

लोक "झोपेची गोळी" या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या औषधांची खिचडी करतात. एक गट खरोखर झोप आणणाऱ्या, घबराट लगेच थांबवणाऱ्या गोळ्यांचा. त्यांची सवय लागते हे खरं आहे. म्हणून डॉक्टर त्या थोड्याच दिवसांसाठी लिहितात आणि आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही. दुसरा गट नैराश्याच्या गोळ्यांचा. त्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. पहिल्या आठवड्यात मळमळ, सुस्ती, पोट बिघडणं हेच आधी दिसतं. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, पोरगं जास्त बिघडलं, बंद करा. बरं वाटायला लागल्यावरही सहा-नऊ महिने घ्यायच्या असतात, आणि सोडताना डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात. एकदम सोडल्या की चक्कर, चिडचिड, झोप जाणं असा त्रास होतो. मग लोक म्हणतात, बघा, सुटत नाही.

तरुण पोरांच्या बाबतीत अजून एक. गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे किंवा डोस बदलल्यावर अस्वस्थता वाढते का, वेडेवाकडे विचार येतात का, हे घरच्यांनी बघायचं असतं आणि तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं. हे सांगायला डॉक्टरांना वेळ नसेल तर तुम्ही विचारा. तुमच्या पुतण्याला कोणतं औषध होतं मला माहीत नाही. जीभ जड होत असेल तर डोस किंवा औषध बदलता आलं असतं. परत जाऊन सांगितलं का, हा प्रश्न आहे.

आणि मला खरी काळजी वाटते ती वेगळ्या पोरांची. कोणातरी नातेवाइकाची दोन वर्षं जुनी चिठ्ठी घेऊन येतात, "काका एक पाकीट द्या, पेपर आहे, झोप लागत नाही." नाही म्हटलं की मान खाली घालून जातात. आता मी नाही म्हणून सोडत नाही. काउंटरच्या या बाजूला स्टूल आहे, त्यावर बसवतो, पाणी देतो. दोन जण तिथून डॉक्टरांकडे गेले.

गिरणाकाठ

औषधवाला दादा, हे पहिल्या आठवड्यातल्या त्रासाचं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून निभावलं. नाहीतर मायने नवव्या दिवशीच पाकीट लपवलं होतं.

अमळनेरकर काका, राग कशाचा. देवाला नेऊ नका असं मी कुठेच म्हटलं नाही. गडाच्या पायऱ्या चढताना मायने त्याचा हात धरला होता, दोन-तीन वर्षांत पहिल्यांदा. माझं म्हणणं एवढंच की गडावर जा, पण गुरुवारची ओपीडी चुकवू नका. आणि आजोबांच्या काळाचं म्हणाल तर आमच्या आजोबांचे एक भाऊ होते. "डोकं फिरलेलं" म्हणून वीस वर्षं गोठ्याशेजारच्या खोलीत राहिले. ते जगत होते, पण कसं, ते आजी सांगायची.

कोणीतरी_२१

हा आयडी आजच बनवलाय. मी मुलगी, धुळ्यात इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष.

दीड वर्ष झालं, मी उपचार घेतेय. घरी माहीत नाही. दातांची ट्रीटमेंट चालू आहे असं सांगितलंय. खासगी डॉक्टरांकडे जाऊ शकले नाही, कारण तिथला कंपाउंडर मामाच्या गावचा. सरकारीत गेले. तिथे मानसोपचाराच्या पाटीखाली बाकं आहेत. पहिले चार महिने मी त्या बाकावर बसलेच नाही. शेजारी त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथल्या बाकावर ओढणी चेहऱ्यावर घेऊन बसायचे आणि नंबर पुकारला की पटकन उठून आत जायचे. एकदा आमच्या कॉलनीतल्या काकू भेटल्याच. "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, खरूज. खरूज सांगायला लाज वाटली नाही, विचार करा.

लाजेपेक्षा भीती लग्नाची आहे. माझ्या मोठ्या बहिणीचं बघणं चालू आहे. माझं कळलं तर तिचंही मोडेल, हे आईने न सांगता मला माहीत आहे. कानबाईच्या रोटाच्या सणाला सगळं भाऊबंद जमतं, तेव्हा एक कुजबुज पुरते.

मला दोन गोष्टी आधी माहीत असत्या तर एक वर्ष वाचलं असतं. अठरा पूर्ण असलं की घरच्यांच्या सहीशिवाय आपण डॉक्टरांना दाखवू शकतो. आणि डॉक्टर आपलं सांगणं आपल्या परवानगीशिवाय उगाच कोणाला सांगू शकत नाहीत. मी पहिल्या भेटीत थरथरत विचारलं होतं, "वडिलांना फोन कराल का?" मॅडम म्हणाल्या, "तुझ्या जिवाला धोका वाटला तरच, आणि तेव्हाही आधी तुला सांगून."

पहिल्या दिवशी माझी रूममेट सोबत आली होती. ती नसती तर मी गेटवरून परत गेले असते. गेटवर आम्ही वीस मिनिटं उभ्या होतो. ती काही बोलली नाही, घाईही केली नाही. नुसती उभी होती.

समुपदेशिका_धुळे

बाळा, आयडी नवा असू दे, तू इथे लिहिलंस हे फार मोठं काम केलंस. बहिणीच्या लग्नाचं ओझं तू एकटीने उचलायचं नाहीस. कधी वाटलं तर इथेच मेसेज कर.

वकील_भुसावळ

कोणीतरी_२१ ताईंनी लिहिलंय ते कायद्यात आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. सरकारी सेवा मिळण्याचा हक्क त्यात आहे, गोपनीयता त्यात आहे. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांनी निर्णय घ्यायचा असतो, हा फरक लक्षात ठेवा.

माझ्याकडे घाबरलेले आईबाप येतात ते मात्र वेगळ्याच कारणाने. पोराने जिवाचं काही करून घ्यायचा प्रयत्न केला, वाचलं, आणि आता पोलीस केस होईल म्हणून घरचे ते लपवतात. "चुकून झालं" असं दवाखान्यात सांगतात. त्यामुळे पोरगं अंगाने बरं होऊन घरी येतं आणि मनाचा उपचार राहूनच जातो. तर ऐका. या कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि त्याला उपचार व पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तसं राहिलेलंच नाही. रुग्णालयात एमएलसी (मेडिको-लीगल केस) अशी नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येतात, ती पद्धत आहे. म्हणजे पोरावर गुन्हा दाखल झाला असं नाही. डॉक्टरांना खरं सांगा.

विम्याचं कोणी विचारण्याआधी लिहितो. त्याच कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीच्या फीचे देत नाहीत. पॉलिसीचा कागद वाचून घ्या.

मेहरूण_तलाव

भरतीची तयारी करतो. ग्राउंडवर आम्ही अकरा जण. एक जण पंधरा दिवस आला नाही. फोन केला तर म्हणतो, "जाऊ दे भो, मन्हं काही खरं नही." लेखी परीक्षेत दोन मार्कांनी गेला त्याचा. मी काय बोलू? चुकीचं विचारलं तर अजून बिघडेल अशी भीती वाटते. आत्महत्येचा विषय काढला तर डोक्यात नसेल तेही जाईल ना?

समुपदेशिका_धुळे

नाही जात, भाऊ. हा गैरसमज फार लोकांचा आहे आणि त्यापायी फार जण गप्प बसतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट पोरांना हायसं वाटतं, की कोणीतरी ओळखलं.

फोनवर नको, आजच त्याच्या घरी जा. ग्राउंडचं, मार्कांचं काढू नकोस. "तू म्हणालास तुझं काही खरं नाही, म्हणजे काय वाटतंय तुला?" असं विचार आणि गप्प बस. त्याने बोलायला दहा मिनिटं घेतली तर घेऊ दे. मग सरळ विचार, "मरावंसं वाटतं का?" तो हो म्हणाला तर दचकू नकोस, शपथा घालू नकोस, "आईबापाचा विचार कर" म्हणू नकोस, तो विचार करून करूनच तो थकलाय. कसं, कधी, असं काही ठरवलंय का ते विचार. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगायचं आणि सरळ रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यायचं, रात्र असली तरी. गाडी नसेल तर १०८. तसं नसेल तर त्याच्यासमोर बसून १४४१६ लाव, स्पीकरवर. आधी तू बोल.

धडगाव_गुरुजी

चार दिवसांनी नेटवर्कच्या जागी आलो, आज धागा वाचला.

मी सातपुड्यातल्या आश्रमशाळेत शिकवतो. तुमच्या सगळ्यांच्या अनुभवात एक गोष्ट गृहीत आहे, की पोराला आपलं दुःख मराठीत सांगता येतं. आमच्या मुलांची घरची बोली पावरी किंवा भिलोरी. मराठी ही पुस्तकाची आणि गुरुजींची भाषा. परीक्षेत उत्तर लिहायला पुरते, रडताना उपयोगी पडत नाही.

नववीतली एक मुलगी. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत. मुलीने जेवण सोडलं, मग बोलणं. मग एका रात्री वसतिगृहात हातपाय ताठ करून पडली, डोळे फिरवले. सगळ्या मुली किंचाळत बाहेर. दुसऱ्या दिवशी अजून तिघी तशाच पडल्या. गावात बातमी गेली की शाळेला बाहेरचं लागलंय. पालक मुली न्यायला आले. भगत आला. मी त्याला हाकललं नाही, हाकललं असतं तर उरलेल्या मुलीही गेल्या असत्या. त्याला म्हटलं, तुमचं तुम्ही करा, पण मारायचं नाही, धूर द्यायचा नाही, आणि उद्या मी हिला दवाखान्यात नेणार तर तुम्हीही चला. तो आला. गाडीत पुढच्या सीटवर बसून आला.

फिटचा (आकडीचा) आजार आहे का ते ग्रामीण रुग्णालयात तपासलं, मग नंदुरबारला पाठवलं. धडगावहून घाट उतरून शहाद्यामार्गे नंदुरबार, जाऊन येऊन अख्खा दिवस. डॉक्टर चांगले होते. मराठीत विचारत होते, मुलगी खाली बघत होती. मी पावरीत विचारलं तेव्हा तिने एकच वाक्य सांगितलं. धाकटा भाऊ फडावर आजारी आहे असं कोणीतरी तिला सांगितलं होतं आणि तो जिवंत आहे का हे तिला दीड महिना कळलं नव्हतं.

मुकादमाचा नंबर मिळवून फोन लावला. भाऊ बरा होता. त्या रात्री ती जेवली. मी असं म्हणत नाही की फोनने आजार गेला, नंतर तीन वेळा नेलं, एकदा टेकडीवर चढून १४४१६ वर बोललो, पलीकडून मराठी, इकडून पावरी, मध्ये मी. पण तिची भाषा येणारं कोणी नसतं तर फिटच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या आणि मुलगी घरी बसली असती.

२०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली होती. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळालेले नव्हते. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. इथला आकडा काय असेल, याचा विचार करत मी टेकडी उतरतो.

केळीबाग_रावेर

गुरुजी, भगताला पुढच्या सीटवर बसवलंत, हे मला फार आवडलं.

वकील_भुसावळ

गुरुजींनी आकड्याचं काढलं म्हणून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्यांची नोंद आहे. राज्यांत महाराष्ट्र पहिला, १,७६४. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेज-क्लासेससाठी निर्देश दिले, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा. तुमच्या मुलांच्या क्लासमध्ये जाऊन विचारा, तुमचा समुपदेशक कोण, कोणत्या खोलीत बसतो. फी भरताना विचारा, तेव्हा उत्तर मिळतं.

अमळनेरकर_७२

मुलीची हकिगत वाचून थांबलो. कालच पुतण्याच्या घरी जाऊन आलो. गोळ्यांचं जुनं पाकीट मागून घेतलं. औषधवाला भाऊ, फोटो मेसेजमध्ये पाठवलाय, बघून सांगा. पोरगं शांत झालं असं आम्ही म्हणत होतो. खरं सांगायचं तर ते बोलतच नाही.

औषधवाला_चाळीसगाव

काका, बघितला. मेसेजमध्ये लिहिलंय. बंद केलेलं औषध आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, आधी डॉक्टर. याच आठवड्यात न्या.

मेहरूण_तलाव

गेलो होतो ताई. तीन तास बसलो. विचारलं. हो म्हणाला. ठरवलेलं काही नाही, पण रोज वाटतं म्हणाला. त्याच्या वडिलांना माझ्यासमोरच सांगितलं, ते आधी चिडले, मग ओट्यावर जाऊन एकटेच बसले. १४४१६ वर बोलणं झालं, डॉक्टरांना दाखवा म्हणाले. पोरगा तयार आहे, पण म्हणतो त्या खिडकीवर मला बोलता येणार नाही. मलाही तिथलं काही माहीत नाही. जळगावात कोणी सोबत येईल का? वडील म्हणतात, त्यांना तिथे जीव घाबरतो.

गिरणाकाठ

मी डाळमिलमधून अर्धा दिवस सुट्टी टाकली आहे. आणि धाकट्याला तुमचा मेसेज वाचून दाखवला. तो म्हणाला, "मी येस ना. माले खिडकी माहीत शे."

गुरुवारी सकाळी सव्वाआठला केस पेपरच्या खिडकीसमोर, लिंबाच्या झाडाखाली. आधार कार्ड, आधीचे काही कागद असतील तर ते, आणि आत्ता कोणती गोळी चालू असेल तर तिचं पाकीट. वडिलांनाही आणा, आत नाही आले तरी चालेल, झाडाखाली बाक आहे, मी त्यांच्यासोबत बसेन. रात्रभर पुरेल एवढा फोन चार्ज करून ठेव आणि तोवर दोघांनी एकत्रच झोपा. डबा आणू नका. तीन माणसांचा डबा ताईंना सांगितलाय.